टॉर्क कन्व्हर्टर : झेप की सुखाचा प्रवास?

१/ १९०५ साली जर्मन अभियंता हर्मान फ्योटिंगर याने जहाजांसाठी द्रवाद्वारे शक्तिवहनाचे पेटंट घेतले. मोटारींतील टॉर्क कन्व्हर्टरचे मूळ तेथेच आहे.

२/ चाके रोखलेली असताना इंजिन ज्या कमाल फेऱ्यांपर्यंत चढते, तो त्याचा ‘स्टॉल’. तो उंच असेल, तर वरच्या फेऱ्यांवर जोर देणारे इंजिन सुरुवातीलाच झेप घेते. मात्र रोजच्या संथ रहदारीत घसरण वाढून तेल तापते, इंधन वाया जाते.

३/ अमेरिकेतील ब्युइकने १९५५ मध्ये तेलाचा प्रवाह वळवणारी पातीच फिरती केली. पेडल पूर्ण दाबताच त्यांचा कोन बदलून स्टॉल वाढे. एरवी तो खालीच राही.

४/ ठरावीक स्टॉलच्या कन्व्हर्टरला ही मुभा नाही. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी निवड करताना पहिल्या झेपेआधी रोजच्या वेगातील इंजिनच्या फेऱ्या पाहाव्या लागतात.