खवले औषध, मांस कुपथ्य

चिनी वैद्यकावर टीका करताना वाघाचे हाड, गेंड्याचे शिंग आणि खवले मांजराचे मांस यांची नावे एका दमात घेतली जातात. त्याचे समर्थन करणारेही तितक्याच सहजपणे हजारो वर्षांच्या परंपरेचा दाखला देतात. खवले मांजरापुरते बोलायचे तर दोन्ही पक्षांनी जुने ग्रंथ उघडून पाहिलेले दिसत नाहीत. वैद्यांच्या लेखी औषध होते ते या प्राण्याचे खवले; मांस बहुतेक कुपथ्यातच मोडत असे. आणि खवल्यांचे गुणही रोग्यांवरच्या अनुभवापेक्षा प्राण्याच्या वागण्यावरून, पुढे त्याच्या नावावरून, ताडलेले होते.

या प्राण्याचे जुने चिनी नाव ‘लिंग-ली’. ‘ली’ म्हणजे कार्प मासा. अंगावर माशासारखे खवले आणि राहायला टेकडीतले बीळ, म्हणून हा टेकडीवरचा मासा. (आपल्याला त्याच्यात मांजर दिसले; नशीब, त्यावरून तो उंदरांवरचा उपाय ठरला नाही.) ताओ होंगजिंग (456–536) या विद्वानाने त्याच्या शिकारीची एक गोष्ट नोंदवली आहे. हा प्राणी खवले पसरून मेल्यासारखा पडतो, मुंग्या आत शिरल्या की खवले मिटतो, पाण्यात जाऊन ते उघडतो आणि तरंगणाऱ्या मुंग्या मटकावतो. त्या काळी काही चिघळणारे नाडीव्रण मुंग्यांमुळे होतात अशी समजूत होती. मुंग्यांचा वैरी तो मुंग्यांच्या व्रणाचाही वैरी, असा सरळ हिशेब झाला. पुढे सोळाव्या शतकात ली शिझेनने या प्राण्याचे पोट फाडून पाहिले आणि त्यात एक शंग, म्हणजे साधारण लिटरभर, मुंग्या सापडल्याचे लिहून ठेवले. ऐकीव गोष्टीवर न विसंबता सुरी हातात घेणारा हा वैद्य होता. पण पोटात मुंग्या आहेत एवढेच सुरीने सिद्ध झाले. खवल्यांनी व्रण भरतो की नाही, हा प्रश्न तिथेच राहिला.

सोंग राजवटीच्या काळात दुसरे नाव रुळले: ‘छुआन-शान-जिया’, म्हणजे डोंगर भेदून जाणारे चिलखत. खवल्यांच्या उपयोगाचा रोखही हळूहळू मुंग्यांकडून अडथळ्यांकडे वळला. आटलेला पान्हा, तुंबलेली पाळी, न फुटणारे गळू, जिथे काही अडले आहे तिथे खवले द्यायचे. जो डोंगर पोखरतो त्याला शरीरातली वाट मोकळी करणे काय अवघड? खवले तापलेल्या वाळूत फुलेपर्यंत भाजून, व्हिनेगरमध्ये विझवून वापरत. उपयोग आधी आला आणि नाव मागून, असेही कोणी म्हणू शकेल, आणि ते शक्यही आहे. पण त्याने मुद्दा बदलत नाही, कारण नाव आणि उपयोग दोन्ही बीळ खणण्याच्या एकाच दृश्यातून निघालेले आहेत.

परंपरेच्या वयाबद्दलची साक्ष तर ली शिझेनच देतो. 1578 मध्ये पूर्ण झालेल्या आणि 1596 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आलेल्या ‘बन्त्साओ गांगमू’ या औषधिकोशात तो म्हणतो की जुन्या पाठांत खवले क्वचितच सापडतात. हिवताप, व्रण आणि पान्हा यांसाठी ते महत्त्वाचे औषध झाले ते अलीकडच्या काळात. हे ‘अलीकडे’ सोळाव्या शतकातले आहे, हे खरे. तरीही हजारो वर्षांच्या अखंड वापराचा दावा त्यापुढे टिकत नाही. मांसाबद्दल तो आणखी स्पष्ट आहे. मांस विषारी, असे सांगून तो बाराव्या शतकातल्या झांग गाओ या वैद्याचा इशारा पुढे ठेवतो: हे मांस वात चाळवते, आणि वातरोग्याने चार तुकडे खाल्ले तरी रोग उसळून हातपाय लुळे पडतात.

मग या मांसाला पौष्टिकतेची कीर्ती कुठून आली? माझ्या मते ती दवाखान्यातून नव्हे, पंगतीतून आली. दक्षिण चीनमध्ये, विशेषतः ग्वांगदोंगकडे, रानातल्या शिकारीच्या पदार्थांना ‘येवेई’ म्हणतात. दुर्मीळ आणि महाग जिन्नस पाहुण्याच्या ताटात वाढणे हा तिथे मानाचा भाग होता. त्याला ‘बू’ची, म्हणजे शरीराची झीज भरून काढण्याच्या कल्पनेची, जोड मिळाली की चैन पथ्याच्या वेषात वावरू लागते. खवल्यांना ग्रंथांची प्रतिष्ठा होतीच; मांसाने ती उसनी घेतली. यावर आक्षेप येईल की त्याच कोशात इतर कित्येक जनावरांच्या मांसाचे गुण सांगितले आहेत. सांगितले आहेतच. म्हणून तर या मांसाला केलेली मनाई ठळक दिसते.

यात चिन्यांनाच हसण्याचे कारण नाही. चरकसंहितेत मांसाचे आठ वर्ग आहेत आणि घोरपड बिळात राहणाऱ्यांच्या वर्गात बसलेली आहे. क्षयाने वाळलेल्या रोग्याला मांसाहारी प्राण्यांचे मांस द्यावे, कारण मांसाने मांस वाढते, हे तर्कशास्त्र तिथलेच. शिसारी येऊ नये म्हणून गिधाडाचे मांस मोराचे आणि कावळ्याचे तित्तिराचे म्हणून वाढावे, अशी सोयही चरकाने सांगून ठेवली आहे. इथेही नावाने काम भागवले, फक्त उलट्या दिशेने.

‘अनुभव आल्याशिवाय इतकी शतके कोण वापरील?’ हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. पण गळू आज ना उद्या फुटतेच, आणि बाळ अंगावर पीत राहिले की पान्हाही बहुधा वाढतो. श्रेय मात्र नेहमी हातातल्या पुडीला मिळते. खवले केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. त्या द्रव्यासाठी एप्रिल 2019 मध्ये एकट्या सिंगापूरमध्ये आठवड्याभरात दोनदा मिळून 25 टनांहून अधिक खवले पकडले गेले. ते सुमारे 38,000 प्राण्यांचे असावेत असा अंदाज होता. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. चीनमधले प्राणी संपत आले तशी मागणी आफ्रिकेकडे आणि भारताकडे वळली, आणि कोकणातले खवले मांजरही त्या बाजाराच्या टप्प्यात आले.

फेब्रुवारी 2020 मध्ये चीनने जमिनीवरचे वन्यप्राणी खाण्यावर बंदी घातली, पण औषधी वापराला वाट ठेवली. जूनमध्ये खवले मांजराला पहिल्या श्रेणीचे संरक्षण मिळाले आणि त्या वर्षीच्या औषधकोशातून खवल्यांची स्वतंत्र नोंद वगळली गेली. काही तयार मिश्रणांत त्यांचे नाव मात्र राहिले. ली शिझेनच्या काळी पान्ह्यासाठी खवल्यांच्या जोडीने ‘वांग-बू-ल्यू’ नावाचे बी देत. राजालाही अडवता न येणारे, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. म्हणजे त्याच्याही गुणाचा उगम कदाचित नावातच असेल. ते बी आजही चिनी काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, आणि ज्या रोपाला ते धरते ते गव्हाच्या शेतात तण म्हणून उगवते.