पाते पुसण्यापूर्वी

आश्विन शुद्ध नवमीला आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात. घरातली हत्यारे, अवजारे खाली काढायची, घासूनपुसून लख्ख करायची, पाटावर मांडून गंधफूल वाहायचे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा ती होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले असतील. जुन्या शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला या दिवसाची थोडी धास्तीच वाटते. कारण पूजेची नव्हे, घासण्याची. पूर्वी चिंच, लिंबू, राख, विटेची पूड एवढ्यावर भागत असे. आता पॉलिश कागद आला, तारेचा ब्रश आला, आणि कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडे विजेवर फिरणारा दगड आला. दोनशे वर्षे जे पात्यावर टिकले होते ते एका दुपारी उतरते, आणि घरातली मंडळी त्या चकाकीकडे समाधानाने पाहतात.

गेली काही वर्षे मी सातारा, वाई, कोल्हापूर या बाजूच्या घरांतून अशी पाती पाहत आलो आहे. तलवारींबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मला ओढ आखूड पात्यांची. कट्यार, बिचवा, जंबिया, पेशकब्ज, आणि ज्यांना कोणी शस्त्र म्हणणार नाही असे चाकू, सुऱ्या, अडकित्ते. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘हे शिवकालीन आहे ना?’ या प्रश्नाला माझे उत्तर लांबते, आणि विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. म्हणून आमच्याच घरातल्या दोन पात्यांवरून ते सांगतो. त्यात इतर कोणाचा अपमान होण्याची भीती नाही.

आमच्याकडे एक कट्यार आहे आणि एक खिशात मावणारा घडीचा चाकू आहे. कट्यार ‘पानिपतावरून आलेली’. ती मखमली म्यानात, देव्हाऱ्याखालच्या फडताळात. चाकूला कसलीच कथा नाही. तो पणजोबांच्या दौतीच्या पेटीत, बोरूच्या तुकड्यांबरोबर पडलेला असे. खंडेनवमीला पाटावर कट्यार येई, चाकू कधी आला नाही.

आधी कट्यार. कट्यारीची मूठ इतर खंजिरांसारखी नसते. दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. आडव्या दांड्या मुठीत धरल्या की पाते मनगटाच्या रेषेत पुढे येते. ओळखीसाठी सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे पाते आणि मूठ जिथे मिळतात ती. पुष्कळ कट्यारींचे पाते मुठीच्या पट्ट्यांशी एकजीव घडवलेले असते. पण दख्खनेत आणि त्याच्याही दक्षिणेला, विशेषतः तंजावरकडच्या कट्यारींत, पाते वेगळे आणून दोन जिभांमध्ये बसवून रिबिटांनी जोडलेले दिसते. असे का? तर ते पाते बहुधा युरोपातून आलेल्या तलवारीचे असते. मोडलेली किंवा मुद्दाम तोडलेली तलवार. तिचा चांगला तुकडा कट्यारीला लावलेला.

आमच्या कट्यारीला तीन रिबिटे आहेत आणि पात्यावर लांबीच्या दिशेने समांतर नाळी आहेत, टोकाकडे मध्येच तोडल्यासारख्या संपणाऱ्या. कट्यारीसाठी घडवलेल्या पात्याच्या नाळी टोकाचा आकार धरून मिटतात. या तशा नाहीत. म्हणजे पाते मुळात लांब होते.

घरात हे सांगितल्यावर थोडी शांतता पसरली. ‘म्हणजे विलायती?’ या शब्दामागे ‘नकली’ असा अर्थ दडलेला होता. वस्तुस्थिती उलट आहे. सतराव्या शतकात मराठी मुलखात सरळ, लांब, परदेशी पात्याच्या तलवारीला फिरंग म्हणत आणि तिला मान होता. जर्मनीतल्या झोलिंगेन आणि पासाऊ इथल्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण कोरलेली असे. ती खूण इतकी ओबडधोबड, चार-सहा रेषांची असते की माहीत नसलेल्याला तो नुसता ओरखडा वाटतो आणि तो पहिल्यांदा घासला जातो. आमच्या पात्यावर खूण नाही. कधी असलीच तर ती पाच पिढ्यांच्या राखेत गेली.

पानिपताचे काय? रिबिटांची जोडणी आणि तोडलेले परदेशी पाते हे १७६१ पूर्वीच्या काळाशी विसंगत नाही. पण ही कट्यार पानिपतावर होती हे पाते सांगत नाही, ते घर सांगते. या दोन साक्षी वेगवेगळ्या ठेवायला हव्यात, एवढेच माझे म्हणणे. मोठ्या संग्रहालयांनाही ते करावे लागते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली साताऱ्यात प्रदर्शनासाठी आली. त्यांच्याबरोबरची नोंद त्यांना १८१८ नंतर साताऱ्यात असलेल्या ग्रँट डफपर्यंत नेते. अफजलखानाच्या प्रसंगाशी त्यांचा संबंध पडताळता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच म्हटले आहे. लोक दर्शनाला गेले आणि जावेच. मात्र वस्तूची साक्ष एका ठिकाणी थांबते आणि श्रद्धा पुढे जाते, ती जागा कोणती हे ठाऊक असलेले बरे.

आता घासण्याकडे येतो. पूर्वी हे काम घरच्यांचे नव्हतेच. ते शिकलगारांचे. ‘सैकल’ म्हणजे जिल्हई. त्यावरून हा शब्द आला. हत्याराला धार लावणे, गंज काढणे, चकाकी आणणे हा त्यांचा व्यवसाय, आणि त्यात एक काम असे होते की जे आज घरी कोणी करूच शकत नाही. दख्खनी मुशीतल्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते. तिला जौहर म्हणतात. ही नक्षी रंगवलेली नसते, ती पोलादाच्या अंगात असते. साधारण दीड टक्का कार्बन असलेले हे पोलाद मुशीत वितळवून सावकाश निवू दिले जाई. पुढे बेताच्या उष्णतेवर घडवताना त्यात कार्बाइडचे बारीक पट्टे जमत. पण नुसत्या घोटलेल्या पात्यावर ते दिसत नाहीत. पाते नितळ घोटायचे, चिकटपणा पूर्ण काढायचा आणि मग हिराकसाचे पाणी हलक्या हाताने फिरवायचे; मग काळ्या अंगावर उजळ लाटा उठतात. शिकलगार घासत असे, तसाच जौहर पुन्हा उठवतही असे.

१८७८च्या शस्त्रबंदी कायद्याने बाळगण्यालाच परवाना लागू केला. ज्यांच्याकडे हत्यारे आणायची ते लोक हळूहळू कात्र्या आणि विळ्यांना धार लावू लागले. पूजा राहिली, कारागीर गेला. त्याच्या कामातला अर्धा भाग घासण्याचा. तो आपण उचलला आणि उठवण्याचा सोडून दिला. आज घराघरांतून जी गुळगुळीत, आरशासारखी, गप्प पाती दिसतात त्यातली काही जौहरदार आहेत आणि मालकांना त्याचा पत्ता नाही.

याच पोलादाची एक मुंबईची कथा आहे, आणि ती मला थेट पणजोबांच्या चाकूपर्यंत घेऊन जाते. १७९४ मध्ये मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला आणि ‘वुट्झ’ हा शब्द इंग्रजीत छापून आला. कानडी ‘उक्कू’चा तो अपभ्रंश असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या नमुन्याचे पहिले काय केले असेल? तलवार नव्हे. जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या चाकूकाराने बँक्स यांच्या सांगण्यावरून त्यातून लेखणी तासायचा चाकू घडवला आणि तो उत्तम विलायती पोलादाच्या तोडीचा निघाला. स्टोडार्ट पुढे आपल्या दुकानाच्या जाहिरातीत हिंदुस्थानातले हे पोलाद युरोपातल्या कोणत्याही पोलादापेक्षा आपल्याला पसंत असल्याचे सांगत असे. १८२०च्या सुमारास त्याच्याबरोबर मायकेल फॅराडे या पोलादाचे गुपित शोधत बसला होता. त्याच सुमारास निजामाच्या मुलखातल्या कोनसमुद्रम गावी हेन्री व्हॉयसी याला पोलाद खरेदीसाठी थेट इराणातून आलेले व्यापारी भेटले.

आणि शतकाच्या अखेरीस उलटे झाले. विलायती चाकू दख्खनेतल्या कुळकर्ण्यांच्या दौतीच्या पेटीत येऊन बसला, बोरू तासायला.

पणजोबांच्या चाकूचे पाते उघडून बुडाशी भिंगातून पाहिले तर शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण आहे : एक तारा आणि एक क्रूस. ही खूण त्या घराण्याची फार जुनी. तेवढ्यावरून साल सांगता येत नाही, पण बाकीची अक्षरे बोलतात. मुकुटाच्या दोन्ही बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असेल तर राणी व्हिक्टोरिया, म्हणजे १९०१ च्या आतले. ‘जी’ आणि ‘आर’ असेल तर पुढचे जॉर्ज, १९१० नंतरचे. ‘इंग्लंड’ हा देशाचा शिक्का असेल तर बहुधा १८९० नंतरचे, कारण त्या वर्षीच्या अमेरिकेतल्या जकात कायद्याने मालावर देशाचे नाव सक्तीचे केले आणि कारखाने सरसकट तो ठसा मारू लागले. आमच्या चाकूवर ‘व्ही’, ‘आर’ आणि ‘इंग्लंड’ तिन्ही आहेत. दहा-अकरा वर्षांच्या फटीत तो बसतो. पाटावर कधी न आलेल्या या चाकूची तारीख मी जितक्या खात्रीने सांगू शकतो, तितक्या खात्रीने कट्यारीचे शतकही सांगू शकत नाही. त्याचे कारणही तेच : त्याला कोणी घासले नाही. (रॉजर्सच्या नावाची नक्कल पुष्कळ होई, अक्षरांची ठेवण वेडीवाकडी, तारा-क्रूस जागेवर नाही, असे दिसले तर सावध व्हावे.)

मग गंजाचे काय करायचे? तो तसाच ठेवा असे मी म्हणत नाही. पण गंज दोन जातींचा असतो. बोटाला लागणारा, नारिंगी, भुसभुशीत गंज जिवंत आहे, तो पाते खातो. काळपट-तपकिरी, घट्ट, बोटाला न लागणारा थर मात्र पात्याचे कातडे आहे. तो राहू द्यावा. जिवंत गंजावर शिलाई मशिनचे पातळ तेल लावून एक-दोन दिवस ठेवावे आणि बांबूच्या किंवा तांब्याच्या बोथट सळीने हलकेच खरवडावे. पोलादाला पोलाद लावू नये. तेल सुती कापडाने पूर्ण टिपून घ्यावे. खोबरेल किंवा गोडेतेल नको. ते काही महिन्यांत चिकट होते, धूळ धरते आणि पितळेवर हिरवा कळंक चढवते. लिंबू-मीठ तर कदापि नको. आम्ल गंजाबरोबर खूणही खाते, आणि मिठाचा अंश खाचांत राहून पुढच्या पावसाळ्यात नवा गंज आणतो.

मुठीवर बारीक उभ्या-आडव्या ओरखड्यांची जाळी दिसली तर हात आवरावा. त्या जाळीवर सोन्याचांदीची तार ठोकून कोफ्तगारी केलेली असते; सोने गेले तरी जाळी राहते आणि इथे सोने होते हे तीच सांगते. पुष्कळ मुठी पात्याला लाखेने बसवलेल्या असतात, तेव्हा गरम पाण्यात बुडवू नये. हस्तिदंती मुठीला पाणी लागले की चिरा जातात. शिवाय हस्तिदंताचा व्यवहार वन्यजीव कायद्याने बंद आहे, हे विकायचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. शंभर वर्षांपुढील वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतात आणि त्या परदेशी नेता येत नाहीत. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला सरकारने अधिसूचित केलेल्या भागात परवाना लागतो.

आणि म्यान. सर्वांना म्यानातच पाते सुरक्षित वाटते. लाकूड, चामडे आणि मखमल दमटपणा धरून ठेवतात. कोकणात तर म्यानातले पाते बाहेरच्यापेक्षा आधी गंजते. दोन्ही शेजारी-शेजारी, वेगवेगळ्या सुती कापडात ठेवावीत.

यंदा आमच्या घरी कट्यार पाटावर आली ती न घासता. गंध पात्याला न लावता विड्याच्या पानाला लावले आणि पान शेजारी ठेवले. गुरुजींनी काही हरकत घेतली नाही. चाकूही मांडला. थोरले काका, वय वर्षे शहाऐंशी, जरा नाराज होते. त्यांना वाटले मी पानिपत खोडून काढणार. मी एका कागदावर वरच्या बाजूला रिबिटे, नाळी, लांबी, वजन लिहिले. खालच्या बाजूला त्यांनी सांगितलेले, त्यांच्याच शब्दांत, कोणाकडून ऐकले त्याच्या नावासह आणि तारखेसह. वरचे अर्ध्या पानात संपले. काका दुपारभर सांगत होते, आणि खालच्यासाठी आणखी दोन पाने जोडावी लागली.