पुठ्ठ्याचे गेटवे

१/ २ डिसेंबर १९११. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. याच आगमनाचे स्मारक म्हणून आपण गेटवे ऑफ इंडिया ओळखतो. त्या दिवशी मात्र गेटवे तेथे नव्हतेच. राजाला पाहायला मिळाली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती.

२/ हा किस्सा बहुधा हसण्यावारी नेला जातो. मला तो वास्तुकलेच्या इतिहासातील मोलाचा वाटतो. कागदावरचा आराखडा वाचायला शिक्षण लागते. हाताने कापून, चिकटवून केलेली प्रतिकृती राजालाही कळते आणि वर्गणीदारालाही. तिच्याभोवती फिरता येते, वाकून कमानीतून पाहता येते. होकार मिळवण्यासाठी याहून प्रभावी साधन क्वचितच असेल.

३/ पण दाखवलेले तेच बांधले जाते का? लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलसाठी ख्रिस्तोफर रेनने १६७३-७४ मध्ये ओक लाकूड व प्लास्टर यांची सुमारे ६ मीटर लांब प्रतिकृती करवून घेतली. राजा दुसरा चार्ल्स राजी होता. धर्मगुरूंना लांब क्रूसाची परंपरागत मांडणी हवी होती. कॅथेड्रल निराळेच उभे राहिले. नाकारलेली प्रतिकृती तेथे आजही जपलेली आहे.

४/ मुंबईत जॉर्ज विटेटच्या अंतिम आराखड्याला मंजुरी मिळाली १९१४ साली, राजा परतून दोन वर्षे उलटल्यावर. तेव्हा राजाने पाहिलेली कमान आणि आपण पाहतो ती तंतोतंत एकच, असे गृहीत धरणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभत नाही.

५/ शिवाय पुठ्ठ्याला समुद्र हटवावा लागत नाही. खऱ्या गेटवेसाठी १९१५ ते १९१९ भराव घालण्याचे काम चालले. पाया पुरा झाला १९२० मध्ये. पिवळसर बेसॉल्ट खरोडीचा (मालाडजवळची हो, उपनगरवासीयांनी ध्यानात ठेवावे!), जाळ्या ग्वाल्हेरच्या. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगच्या हस्ते उद्घाटन झाले ४ डिसेंबर १९२४ रोजी. राजाच्या आगमनाला १३ वर्षे झाली होती.

६/ एवढे होऊनही समोरचा नियोजित रस्ता झालाच नाही. निधी नव्हता. आपण भांडुपकर लोकलने सीएसएमटीला उतरून तिकडे गेलो, की रीगलकडून येणाऱ्या रस्त्यावर थांबून पाहावे. कमान समोर सरळ येत नाही, तिरकी दिसते. ज्या रस्त्याच्या टोकाशी ती शोभायची होती, तो रस्ता आजही तेथे नाही.