तिळात मुरलेलं फूल

घरी अत्तर करायचं म्हटलं की नवख्या माणसाच्या डोळ्यांपुढे भट्टी, तांब्याचा डेग आणि नळी येते. कनौजची ती रीत थोर आहेच. पण घरात जमणाऱ्या सुगंधाचं कूळ वेगळं आहे. त्याला विस्तव लागत नाही, तीळ लागतात आणि ताजी फुलं.

स्वच्छ तिळांचा एक थर, त्यावर फुलांचा, पुन्हा तिळांचा. फुलं मलूल झाली की काढून नवी घालायची. तिळांना पुरेसा वास लागला की ते घाण्यात घालायचे. जौनपूरचं चमेलीचं तेल याच रीतीनं नावाजलं. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे ११२९च्या सुमारास, राजाच्या स्नानासाठीचं तेल असंच सांगितलं आहे. केवडा, पुन्नाग, चाफा अशा फुलांत तीळ ठेवायचे आणि मग त्यांचं तेल काढायचं.

ही रीत टिकली ती फुलांच्या स्वभावामुळे. मोगरा, जाई, निशिगंध ही फुलं खुडल्यावरही कित्येक तास गंध निर्माण करत राहतात. उकळत्या डेगात फूल लगेच मरतं आणि पुढे घडणारा गंध हातचा जातो. तिळातली स्निग्धता फुलाला जगू देते आणि हवेत उडणारा वास धरून ठेवते. गुलाबाला वाफ मानवते, मोगऱ्याला हा मऊपणा मानवतो. फ्रान्समधल्या ग्रासच्या कारागिरांनी काचेवर चरबी थापून जाईची फुलं मांडली, तीही याच कारणानं.

सुगंध करण्याच्या विद्येचा ‘मानसोल्लासा’हून जुना पुरावा सहाव्या शतकातला. वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीला, म्हणजे सुगंध जुळवण्याच्या या विद्येला, स्वतंत्र अध्याय दिला. १६ द्रव्यं चार-चार घेऊन, प्रमाणं बदलत, १,७४,७२० गंध होतात असा त्याचा हिशेब आहे. मला मात्र त्यातली एक छोटी कृती जास्त प्रिय आहे. मंजिष्ठा, दालचिनी, कोष्ठ वगैरेंचं चूर्ण तेलात घालून उन्हात तापवायचं, की तेलाला चाफ्याचा वास येतो. त्यात चाफ्याची पाकळीसुद्धा नाही! दीड हजार वर्षांपूर्वीचं ते नाक किती तयार असेल.

या कुळात मराठीचाही वाटा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ या दुर्मीळ पोथीचा अभ्यास १९४५मध्ये प्रसिद्ध केला. पोथी संस्कृत, तिच्यावर मराठी टीका, आणि काळ त्यांच्या मते १३५० ते १५५०च्या दरम्यानचा. याच विषयावरच्या गंगाधराच्या ‘गंधसार’ या ग्रंथात भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन अशा सहा प्रक्रिया येतात. तीळ फुलांत ठेवणं हे त्यातलं वासन. ‘गंधवादा’वर टीका मराठीत लिहावीशी वाटली, त्या अर्थी ती वाचून हात कामाला लावणारी माणसं इथे होती असं मी मानतो.

घाणा घरात नसतो, म्हणून आज तेलापासूनच सुरुवात करावी. न भाजलेल्या तिळांच्या तेलात जाड सुती कापड भिजवावं, परातीत पसरावं, त्यावर संध्याकाळी खुडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या मांडून झाकण ठेवावं. सकाळी कळ्या उचलाव्यात, संध्याकाळी नव्या मांडाव्यात. मनाजोगा वास लागला की कापड पिळून तेल बाटलीत भरावं. बाजारातल्या पाणी शिंपडलेल्या कळ्या घेऊ नयेत, ओलाव्यानं तेल बिघडतं. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यातला. दिवाळीच्या अभ्यंगासाठी तेल हवं असेल, तर पावसाळ्यात जाई-जुईवर लक्ष ठेवावं.