साठ तासांचा गेम, वीस वर्षांचा हापसा

फेब्रुवारी २०१२ मधला एक वीकेंड. स्टॉकहोममध्ये माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग ही कंपनी नेहमीचं काम बाजूला ठेवून बसली होती. साठ तासांत शून्यापासून नवा गेम बनवायचा, तोही कॅमेऱ्यासमोर. गेम कसा हवा हे लोकांनी मतं देऊन ठरवलं होतं: थोडी स्ट्रॅटेजी, भरपूर गोळीबार आणि मागे वाफेच्या यंत्रांवर चालणारं प्राचीन इजिप्त. जगभरातले गेमर प्रोग्रामरांच्या स्क्रीन लाइव्ह बघत होते. कोड लिहिला जात होता, फुटत होता, पुन्हा उभा राहत होता. तयार झालेल्या गेमचं नाव 'कॅटाकोम्ब स्नॅच' आणि या उपक्रमाचं नाव 'मोजॅम'.

गेमची किंमत? तुम्हाला वाटेल ती. आलेले सगळे पैसे चार संस्थांना जाणार होते. त्यातली एक होती 'चॅरिटी वॉटर'. ८० हजारांहून जास्त लोकांनी मिळून साडेचार लाख डॉलरच्या वर रक्कम जमवली.

मी तेव्हा शाळेत होतो. आता कोड लिहून पोट भरतो, आणि ही गोष्ट आठवली की पहिला प्रश्न मनात येतो तो सोमवारचा. वीकेंड संपल्यावर पुढे काय झालं?

त्याआधी थोडं मागे जाऊ. वाटेल तेवढे पैसे द्या आणि त्यातले किती दानाला जावेत हे स्वतः ठरवा, ही पद्धत गेमिंगमध्ये रुजवली 'हंबल बंडल'ने. मे २०१० मध्ये वुल्फायर गेम्स या छोट्या कंपनीने काही स्वतंत्र गेम एकत्र करून असे विकले आणि दहा लाख डॉलरच्या वर पैसे आले. गेमर फुकटे असतात, पायरसी करतात, असं म्हणायचा तो काळ. किंमत त्यांच्यावर सोडली तर ते पैसे देतात, हे तेव्हा आकड्यांत दिसलं. मोजॅम याच हंबल बंडलच्या साथीने झाला.

चॅरिटी वॉटर २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. संस्थापक स्कॉट हॅरिसन आधी नाइटक्लबांच्या पार्ट्या भरवायचा. त्याने आपल्या एकतिसाव्या वाढदिवसाच्या पार्टीत आलेले पैसे उत्तर युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत विहिरींसाठी पाठवले. संस्थेचा नियम असा, की सामान्य माणसाने दिलेला प्रत्येक डॉलर पाण्याच्या कामावरच जाईल. ऑफिस आणि पगार यांचा खर्च वेगळे देणगीदार उचलतील. गेमरांना हे लगेच पटण्यासारखं होतं. इकडे पैसे टाकले, तिकडे विहीर 'अनलॉक' झाली.

पण विहीर अनलॉक होऊन थांबत नाही. तिच्यावर पंप बसतो, पंपाचे वॉशर झिजतात, रॉड तुटतात. २००९ मध्ये मांडल्या गेलेल्या एका प्रसिद्ध अंदाजानुसार, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत साधारण तीनातला एक हातपंप बंद होता. पैसे जमले होते, फीत कापली गेली होती, फोटोही निघाले होते. फक्त पाणी येत नव्हतं.

या दुखण्याचा इतिहास आपल्या घराजवळचा आहे. १९६० च्या दशकातल्या दुष्काळांनंतर भारतात गावोगावी बोअर मारले गेले आणि त्यांवर बिडाचे पंप बसवले. ते पंप मुळात एका घराच्या वापरासाठी होते. अख्खं गाव दिवसभर दांडा मारू लागल्यावर ते टिकेनात. १९७० च्या दशकात युनिसेफने पाहिलं, तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी बहुतेक बंद पडलेले होते.

उत्तर मिळालं ते जालना आणि सोलापूरकडे. तिथे मिशनऱ्यांच्या पाणी प्रकल्पांत काम करणाऱ्यांनी पोलादी, साधे, दणकट पंप घडवले होते. त्यातल्या सोलापूर पंपाच्या आधारे युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास या कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क टू' तयार केला. गावाच्या चौकात, शाळेच्या मागे आपण ज्याला हापसा म्हणतो, तो बहुधा हाच. पुढे तो आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला आणि आजही बसवला जातो.

पण नुसत्या चांगल्या यंत्राने भागलं नाही. तमिळनाडूत त्याच्यासोबत माणसांची साखळी उभी केली गेली: गावात हापशाची देखभाल करणारा एक जण, गटपातळीवर मेकॅनिक आणि जिल्ह्यात गाडी घेऊन फिरणारं पथक. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर डिझाइन सोलापूरचं, पण त्याचा ऑन-कॉल रोस्टर तमिळनाडूने लिहिला.

मोजॅमच्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, गूगलने चॅरिटी वॉटरला ५० लाख डॉलर दिले. ते नव्या विहिरींसाठी नव्हते. आफ्रिकेत ४,००० ठिकाणी सेन्सर बसवून, पाणी खरंच येतंय का हे दुरून कळावं यासाठी होते. मला ही रक्कम मोजॅमच्या रकमेइतकीच महत्त्वाची वाटते. मात्र सेन्सर फक्त 'डाउन' म्हणतो. पाना घेऊन कुणालातरी जावंच लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये मिस्टरबीस्ट आणि मार्क रोबर यांनी वॉटरएडसाठी 'टीमवॉटर' मोहीम चालवली. उद्दिष्ट ४ कोटी डॉलरचं होतं आणि ते गाठलं गेलं. त्यातले १ कोटी २० लाख डॉलर गेमिंगच्या दुनियेतल्या स्ट्रीमरांसोबतच्या एकाच लाइव्हस्ट्रीममध्ये आले. यातलं मला आवडलेलं वाक्य त्यांच्या हिशोबाचं आहे: एक डॉलर म्हणजे एका माणसाला एक वर्ष स्वच्छ पाणी. २० लाख लोकांसाठी ४ कोटी, म्हणजे माणशी २० वर्षं. इथे मोजमाप विहिरींचं नाही, वर्षांचं आहे. २०१२ ते २०२५ या काळात काही बदललं असेल तर हे.

कॅटाकोम्ब स्नॅचचा सोर्स कोडही लोकांच्या हाती गेला होता. काही काळ चाहत्यांनी तो उत्साहाने वाढवला, मग काम थंडावलं. त्यात कुणाचं नुकसान झालं नाही. गेम सोडून देता येतो.

हापसा तसा सोडून देता येत नाही. बंद पडला की त्याच दिवशी कुणीतरी, बहुतेक वेळा एखादी बाई किंवा मुलगी, हंडा घेऊन लांबच्या पाण्याकडे चालू लागते. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या स्ट्रीमवर पाण्यासाठी आकडा चढताना दिसला, तर पैसे जरूर द्या, मीही देतो. पण एक प्रश्न चॅटमध्ये टाकूया: पाचव्या वर्षी वॉशर कोण बदलणार?