समदुःखितांची बैठक

धनज ज्या वऱ्हाडात आहे, तेथे गाडगेबाबांनी कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायीच गेले होते. बाबा प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवीत.

१९३५ साली अमेरिकेत अॅक्रन शहरी बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ हे दोन व्यसनग्रस्त एकमेकांपाशी मन मोकळे करू लागले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' जन्मली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी काढलेल्या 'मुक्तांगण'नेही समूहोपचार स्वीकारला.

आम्हांस यातले मर्म असे वाटते : उपदेश ऐकून व्यसनी मनुष्य मान खाली घालतो व पुन्हा गुत्त्याची वाट धरतो. समोर समदुःखी बसला, म्हणजे खोटे बोलण्याचे कारण उरत नाही. गावाने हसणे सोडले, तर अशी बैठक धनजलाही भरेल.