मुंबईच्या आंदणामागची राणी



पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, हे आपण शाळेत शिकलो. बेट लक्षात राहिलं, राजकन्या विसरली गेली. आज तिच्याविषयी थोडं.

तिचं नाव कॅथरीन ऑफ ब्रगांझा. जन्म २५ नोव्हेंबर १६३८, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी. १६६१ च्या करारानं तिचा विवाह राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला. आंदणात मुंबई, आफ्रिकेतलं टँजियर आणि मोठी रक्कम होती. मुंबईच्या रहिवाशांना कॅथलिक धर्म पाळण्याची मोकळीक राहील, असं कलमही त्या करारात होतं. पुढे १६६८ मध्ये राजानं तेच बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं!

मे १६६२ मध्ये कॅथरीन इंग्लंडला पोहोचली. तिच्या आग्रहामुळे आधी गुपचूप कॅथलिक विधी झाला, मग अँग्लिकन. कॅथलिक असल्यामुळे तिचा राज्याभिषेक कधीच झाला नाही. राजानं आपल्या प्रेयसीलाच तिच्या सेवेत नेमलं. तिनं विरोध केला, पण शेवटी तिला नमावं लागलं. १६६३ मध्ये ती तापानं मरणाच्या दारी होती. भ्रमात तिला वाटे, आपल्याला मुलं झाली आहेत. प्रत्यक्षात तिची कूस कधीच उजवली नाही. गर्भ राहिले, पण टिकले नाहीत. राजानं तिला सोडावं, असं दरबारी सुचवत. त्यानं ते मानलं नाही.

१६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसानं कॅथलिकांविरुद्ध खोट्या कटाची आवई उठवली. राणी राजाला विष घालणार होती, असाही आरोप झाला. अनेक निरपराध कॅथलिक फासावर गेले. राणीच्या बाजूनं मात्र राजा उभा राहिला.

फेब्रुवारी १६८५ मध्ये चार्ल्स मरणशय्येवर होता. दुःखानं राणीला तिथं थांबवेना. तिनं निरोप धाडून त्याची क्षमा मागितली. क्षमा तर मीच तिची मागायला हवी, असं तो म्हणाला. त्याच अखेरच्या वेळी फादर जॉन हडलस्टन यांच्या हातून तो कॅथलिक ख्रिस्तसभेत आला. हे राणीमुळेच घडलं, असं मी म्हणणार नाही. पण तेवीस वर्षं त्या वाड्यात तिची प्रार्थना चालू होती.

१६९२ मध्ये ती मायदेशी परत निघाली. भावाच्या आजारपणात तिनं पोर्तुगालचा कारभारही सांभाळला. ३१ डिसेंबर १७०५ रोजी लिस्बनमध्ये तिनं देह ठेवला.

कॅथरीनला कुणी संत ठरवलेलं नाही. पण आपल्या कटंगीकडच्या लेकीही लग्न होऊन दूर जातात. कुणाला आंदणावरून बोलणी बसतात, कुणाला मूल नाही म्हणून. त्यांच्या सासरी त्यांच्यासाठी कोण उभं राहतं? आणि आपल्या घरी आलेल्या सुनेची क्षमा मागायला आपण मरणशय्येची वाट पाहणार आहोत का?

आज रात्रीच्या जपमाळेत एक गूढ अशा लेकी-सुनांसाठी म्हणू या. आमेन.